गव्हर्नरसाहेबांचा सारांश

टायटस अंगोयेच्या पत्राला नीलकंठनं उत्तर दिलं नव्हतं. राहून गेलं, असं तो सात वर्षं स्वतःला सांगत आला होता. पण राहून गेलेली गोष्ट माणूस विसरतो, आणि हे पत्र मनात आलं नाही असा आठवडा गेला नव्हता. ज्या वर्षी मोठा भूकंप झाला त्या वर्षी, एप्रिल लागता लागता, जपानमधल्या, टोकियोजवळच्या उरायासुतल्या या इमारतीच्या तळाशी असलेल्या पत्रपेटीत ते पाण्याच्या बिलाला चिकटून आलं होतं, आणि नळाला तेव्हा पाणी नव्हतं. समुद्र बुजवून केलेली इथली जमीन. भूकंपानं तिच्या पोटातला राखाडी गाळ वर आला, गटारांची झाकणं खालच्या सिमेंटच्या नळकांड्यांसकट कुत्र्याच्या छत्र्यांसारखी रस्त्यातून उगवली, आणि कितीतरी दिवस लोक बादल्या घेऊन हिंडत होते. मुलगी विभा आणि जावई संजीव ऑफिस सांभाळून बेजार, म्हणून पाण्याचं काम नीलकंठनं आपल्याकडे घेतलं होतं. शाळेच्या मैदानावर लष्कराचा टँकर यायचा. रांगेत नंबर लागला की वर्दीतला एक पोरगेलासा शिपाई कॅन भरून द्यायचा आणि कमरेत वाकून, थांबवून ठेवल्याबद्दल माफी मागायचा. वर्दीतल्या माणसानं आपली माफी मागावी याची नीलकंठला सवय नव्हती. तो घाईघाईनं जास्त खाली वाकायचा, मग तो शिपाई आणखी खाली, आणि मागची बाई खोकायची. असाच एकदा तो भरलेले कॅन घेऊन आला, पत्रपेटी उघडली, आणि पाकिटावरचं अक्षर पाहून कॅन खाली ठेवले. ते अक्षर त्यानंच वळणावर आणलेलं होतं.

‘प्रिय टीचर,’ अंगोयेनं लिहिलं होतं, ‘तुम्ही राहता तो देश हलताना टीव्हीवर पाहिला. तुमचा पत्ता लंडनमधल्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून मिळवला. तुम्ही आणि लहानगी विभा सुखरूप असाल अशी प्रार्थना करतो. मिसेस गेल्याचं कळलं, वाईट वाटलं. मी आता कोंबड्या पाळतो. एस्थरचे गुडघे गेले आहेत. माझी मुलं त्या वर्षांबद्दल माझ्याशी बोलत नाहीत, आणि जे बोलतात त्यांना माझ्याकडून काहीतरी हवं असतं. तुम्ही मला सारांश लिहायला शिकवलंत. आता माझ्या गव्हर्नरकीचा सारांश करून पाठवा. एक-तृतीयांशाची अट नको, एक वाक्य पुरे. तुम्ही मला कधी वाढवून मार्क दिले नाहीत, म्हणून तुम्हालाच विचारतो.’

एक वाक्य. नीलकंठनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाक्यांवर लाल पेन्सिल चालवली होती, आणि हे एक वाक्य त्याला सात वर्षांत लिहिता आलं नव्हतं. उद्या लिहू, थोडं वाचून लिहू, डोळ्याचं ऑपरेशन झालं की लिहू. मध्यंतरी अंगोये शहात्तरचा झाला असणार. असला तर.

त्या मंगळवारी सकाळी बसलेला धक्का अगदी किरकोळ होता. फोननं आधी कोकलून भूकंपाचा इशारा द्यावा इतकाही नव्हता. दिव्याची दोरी डोलली, कपाटाची दारं कुजबुजली, आणि पुस्तकांच्या कपाटावरून पांढरं, निळ्या काठाचं एनॅमलचं भांडं दाणकन खाली आलं. त्याचं झाकण गरगरत नीलकंठच्या खुर्चीपाशी येऊन आडवं झालं.

“युरेता!” आतल्या खोलीतून चारुता ओरडली. हललं. नातीला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून आधी जपानी बाहेर पडायचं. परीक्षा म्हणून ती घरी होती. दारात येऊन तिनं आधी आजोबांकडे, मग भांड्याकडे पाहिलं. “आजोबा, दायजोबु? लागलं नाही ना? हे मम्मानं टाकायला काढलेलं ना? फुनेन गोमी आहे. बुधवारी.”

न जळणारा कचरा बुधवारी. नीलकंठनं भांडं उचलून मांडीवर घेतलं. काठावरचा एक टवका उडाला होता, खालचं काळं लोखंड दिसत होतं.

“टाकायचं नाही हे. दुसऱ्यांचं आहे.”

“कोणाचं?”

“एका गव्हर्नरचं.”

“सीरियसली?” चारुता हसली. “गव्हर्नरचं भांडं आपल्या बुकशेल्फवर काय करतंय? चोरलं?”

“तसंच म्हणायचं,” नीलकंठ म्हणाला, आणि तिला ते विनोदी वाटलं म्हणून त्याला बरं वाटलं.

ती आत गेली. तो भांडं घेऊन बसून राहिला. घरात त्या देशाचं नाव कधी कोणी घेत नसे. पश्चिम आफ्रिकेतली ती नऊ वर्षं म्हणजे नुसतं ‘तिकडे’. तिकडे असताना, तिकडची सवय, हे तिकडून आणलेलं. आता इथे विभा पुण्याला ‘तिकडे’ म्हणायची, आणि जुनं तिकडे आणखी मागं सरकून बिननावाचं झालं होतं. पण भांडं हाताला लागलं की सगळं जागच्या जागी असायचं: सरकारी शाळेची लांबलचक पत्र्याची इमारत, वाळवंटावरून येणाऱ्या वाऱ्याची धूळ, ती पुस्तकांच्या कण्यांवर, जिभेवर, चहाच्या सायीवर. इंग्रजी शिकवायला म्हणून गेलेला नीलकंठ लायब्ररीच सांभाळायचा जास्त. वर्गात मुलांपुढे उभं राहिलं की तो फळ्याकडे तोंड करून बोलायचा. लायब्ररीत बोलावं लागत नसे. आणि तिथेच एका दुपारी पलीकडच्या छावणीतला एक कॅप्टन आला होता, टोपी काखेत धरून, दारातच थांबून. नीलकंठ घाबरून उभा राहिला. त्याला मागाहून कळलं की कॅप्टनही घाबरला होता. इतकी पुस्तकं एका खोलीत त्यानं पाहिली नव्हती. त्याला लष्करी कॉलेजची परीक्षा द्यायची होती आणि तिच्यात सारांशलेखनाला पंचवीस मार्क होते. “टीचर, ते मला जमत नाही. मला सगळंच महत्त्वाचं वाटतं,” तो म्हणाला होता.

वर्षभर अंगोये संध्याकाळी यायचा. नीलकंठनं त्याला नियम पाठ करायला लावले. उतारा दोनदा वाचा. मुख्य मुद्दा धरा. विशेषणं गाळा, अवतरणं गाळा. उदाहरणं तर आधी गाळा. उदाहरण म्हणजे मुद्द्याची सावली. आपलं मत घालू नका. अंगोये ताठ बसून पेन्सिल चालवायचा आणि गाळताना त्याच्या चेहऱ्यावर खरोखर दुःख दिसायचं. एकदा एका उताऱ्यात कुठल्याशा पुरात झाडावर चढून बसलेल्या म्हातारीची हकिकत होती, ती त्याला काढवेना. “टीचर, ही बाई वाचली का हे तरी राहू द्या.” “नको. ते उदाहरण आहे.” अंगोयेनं म्हातारी खोडली. शिकवणी संपली की नीलकंठची बायको सुप्रभा चहा आणायची. अंगोये त्यात चार चमचे साखर घालायचा, आणि ढवळताना चमचा कपाला लागू द्यायचा नाही. साखर तेव्हा रांगा लावून मिळायची. “परीक्षा लवकर होऊ दे बाई त्यांची,” सुप्रभा मराठीत म्हणायची, हसतमुखानं, त्याच्यासमोरच. आणि अंगोये म्हणायचा, थँक यू, मॅडम.

पास झाला, मेजर झाला, राजधानीत गेला. मग एका सकाळी रेडिओवर बातम्यांच्या ऐवजी बँड लागला. तिकडे बँड लागला की लोक काही न बोलता दुकानं बंद करायचे आणि घरातले दुधाच्या पावडरीचे डबे मोजायचे. दुपारी बँड थांबला, एका अनोळखी आवाजानं जुनं सरकार गेल्याचं सांगितलं. काही दिवसांनी प्रांताप्रांतांच्या नव्या लष्करी गव्हर्नरांची नावं वाचली. आपल्या प्रांतापुढे ‘लेफ्टनंट कर्नल टी. अंगोये’ ऐकून सुप्रभा हातातली पळी घेऊन बाहेर आली. “अहो, हा आपला चार चमचेवाला?” अंगोये तेव्हा चौतीस वर्षांचा होता. दीड-दोन महिन्यांत तो मोटारींच्या रांगेतून शहरात आला. नीलकंठ शाळेच्या पोरांबरोबर रस्त्याच्या कडेला कागदी झेंडा हलवत उभा होता, आणि गाडी पुढे गेल्यावरही, आपल्याला ओळखलं तर काय करायचं या धास्तीनं, त्यानं झेंडा तोंडापुढेच धरून ठेवला होता.

तो गव्हर्नर कसा होता, हे कोणी नीलकंठला पहिल्या वर्षी विचारलं असतं तर उत्तर सोपं होतं. चौकाचौकात नळ आले. बाजारापासून इस्पितळापर्यंत डांबरी रस्ता झाला, दुतर्फा कडुलिंब लागले, आणि ते जगावेत म्हणून कैद्यांकडून पाणी घातलं जाई. लाच खाणारे दोघे कारकून घरी गेले. दर शुक्रवारी रेडिओवरून हुकूम वाचले जात, आणि ते ऐकताना नीलकंठला एक चोरटा आनंद होई, कारण एकही फालतू शब्द त्यांत नसायचा. कारणं गाळलेली. अपवाद गाळलेले. ‘सरकारी नोकर वेळेवर येईल. उशिरा येणाऱ्यास जागच्या जागी शिक्षा होईल.’ पंचवीसपैकी चोवीस, त्यानं मनात दिले होते.

त्याच हिवाळ्यात विभाला ताप आला. चार वर्षांची होती. धुळीचा वारा सुटला की तिकडे मेंदूच्या तापाची साथ यायची, आणि तिची मान वाकेना. राजधानीत काहीतरी गडबड होऊन कर्फ्यू लागलेला. दिवस मावळल्यावर रस्त्यावर दिसेल त्याच्यावर गोळी. शाळेच्या ऑफिसात फोन होता. नीलकंठनं गव्हर्नर हाउसचा नंबर फिरवला, पलीकडून आवाज आला आणि त्याच्या तोंडातून शब्द फुटेना. सुप्रभानं रिसीव्हर हिसकावून घेतला. तिचं इंग्रजी बेताचं. “आय ॲम टीचर्स वाइफ. माय डॉटर इज गोइंग,” एवढंच ती म्हणाली. थोड्या वेळात जीप आली, आणि ड्रायव्हरशेजारी अंगोये स्वतः बसलेला होता, वर्दीचा सदरा, खाली लुंगी. आपण पुढे बसलो नाही तर नाक्यावरची पोरं आधी गोळी झाडतील आणि मग पाहतील, असं त्यानं सांगितलं. सहा नाके उघडले. मिशनच्या इस्पितळात विभाच्या पाठीत सुई गेली तेव्हा नीलकंठ बाहेर भिंतीकडे तोंड करून उभा होता, आणि अंगोये त्याच्या शेजारी, तोही भिंतीकडेच तोंड करून.

विभा घरी आली त्या दिवशी अंगोयेच्या बायकोनं, एस्थरनं, हे भांडं पाठवलं, भुईमुगाच्या दाट कालवणानं भरलेलं. ड्रायव्हर भांड्यासाठी थांबला होता. सुप्रभा म्हणाली, आज नको, पाठवून देते. आल्या भांड्यात काहीतरी घातल्याशिवाय तिनं जन्मात भांडं परत केलं नव्हतं. काही नसलं तर चिमूटभर साखर. पण हे भांडं गव्हर्नरच्या घरचं आणि मुलीच्या जिवाचं. तिला रव्याचे लाडू करायचे होते, आणि रवा मोठ्या शहरातल्या सिंधी दुकानातून यायचा होता. तो यायला दोन आठवडे लागले.

रवा आला त्याच्या आदल्या दिवशी सकाळी अंगोये शाळेत आला. न सांगता येण्याची त्याची पद्धतच होती: घंटेच्या आधी फाटकाशी जीप उभी. हेडमास्तर इडोवूंची मोटारसायकल वाटेत बंद पडली होती. ती ढकलत, टाय खांद्यावर उडवून, ते घंटेनंतर आले. अठ्ठावन्न वर्षांचे होते. शाळा त्यांनी एका झाडाखाली सुरू केली होती असं म्हणायचे. एका शिपायानं त्यांना मैदानाच्या मध्यावर नेलं, दोन्ही हातांनी कान धरून उकिडवं बसवलं आणि बेडूकउड्या मारायला सांगितलं. सगळी शाळा रांगेनं उभी होती. नीलकंठ लायब्ररीच्या खिडकीत होता. शिपाई मोठ्यानं आकडे म्हणत होता, आणि जी उडी नीट होणार नाही ती धरत नव्हता, त्यामुळे आकडा एकाच जागी अडकून राही. अंगोये जीपपाशी हात मागे बांधून ताठ उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर नीलकंठला जे दिसलं ते त्यानं पूर्वी पाहिलेलं होतं. म्हातारी खोडताना होतं ते. शिक्षा संपल्यावर इडोवू उठले, पँट झटकली, ऑफिसात गेले आणि हजेरीपटावर आपल्या नावापुढे ‘उशिरा’ असं स्वतःच लिहिलं. त्यानंतर त्यांनी टाय लावला नाही. सत्र संपायच्या आत ते गावी निघून गेले.

सुप्रभानं लाडू वळायला घेतले होते. नीलकंठनं सांगितल्यावर तिनं हात धुतले, भांड्याकडे बघत बसली आणि म्हणाली, “आता काय घालून पाठवू यात?” लाडू घरातच खाल्ले. भांडं रिकामं परत करवेना आणि भरूनही पाठववेना. मग अंगोयेची दुसऱ्या प्रांतात बदली झाली. तिथेही त्यानं नळ आणले असं ऐकलं, आणि एका बाजारात आग लागल्यावर गोळीबार झाला असंही ऐकलं. मग पुन्हा बँड. पुन्हा यादी. या वेळी ‘सेवानिवृत्त करण्यात आले’ अशांची, आणि तिच्यात तो होता. स्वतःच्या निवृत्तीची बातमी त्यानं दाढी करताना रेडिओवर ऐकली म्हणतात. वर्षभर कुठेतरी कैदेत ठेवला, मग सोडला. नीलकंठ आणि सुप्रभा तिकडून निघायच्या थोडं आधी तो लायब्ररीत आला होता, साध्या कपड्यांत, सारांशलेखनाचं जुनं पुस्तक परत करायला. वर्दीशिवाय त्याचे खांदे कुणा दुसऱ्याचे वाटत होते. खिडकीतून तो मैदानाकडे बराच वेळ पाहत राहिला. “त्यांना उशीर झाला होता, टीचर,” तो म्हणाला. “थोडाच,” नीलकंठ म्हणाला. अंगोयेनं मान हलवली, पुस्तक टेबलावर काटकोनात ठेवलं आणि गेला. भांड्याची आठवण दोघांनाही झाली नाही.

तेव्हापासून ते भांडं पुण्यात, आणि सुप्रभा गेल्यावर नीलकंठबरोबर इथे.

सात वर्षांत त्यानं काय काय लिहून पाहिलं होतं! ‘तुम्ही कडक पण न्यायी होता.’ असलं वाक्य मुलाच्या वहीत दिसलं असतं तर त्यानं खाली दोन रेघा मारल्या असत्या. ‘तुम्ही तुमच्या काळाचं अपत्य होता.’ त्यापेक्षा काहीच न लिहिलेलं बरं. ‘चांगलं वाईटापेक्षा अधिक होतं.’ कुठल्या तराजूत? एका पारड्यात विभा घातली की दुसऱ्यात काहीही घाला, काटा हलायचा नाही; आणि म्हणूनच त्याला आपल्या मोजण्यावर भरवसा नव्हता. ज्याची मुलगी त्या जीपमधून गेली त्यानं पेपर तपासूच नये. पण अंगोयेनं पाठवला होता तो त्यालाच. दुसरं कोणी तपासणारं त्याला उरलं नव्हतं, आणि तो वाट पाहत असेल या विचारानं नीलकंठ कधी कधी जेवण अर्धं टाकून उठत असे.

संध्याकाळी विभा आली ती पिशव्या खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, “चारूनं मेसेज केला, आजोबांनी भांडं चोरलंय म्हणून. बाबा, अजून ते पत्र घेऊन बसलाय? अहो, तो माणूस नसता तर मी इथे पातीचा कांदा आणत नसते. लिहा ना, यू वर अ ग्रेट मॅन, थँक यू, संपलं. म्हाताऱ्याला बरं वाटेल.”

“त्यानं ते विचारलेलं नाही.”

“मग काय विचारलंय?”

संजीव ओसाकाला गेला होता, त्यामुळे टेबलाशी तिघंच होती. नीलकंठनं इडोवूंची गोष्ट सांगितली. ती त्यानं मुलीला कधीच सांगितलेली नव्हती. जीपची गोष्ट घरात सणावाराला निघायची, लुंगीसकट, आणि सगळे हसायचे. आता सांगताना तो दोनदा पाणी प्यायला. विभा कांदा चिरता चिरता थांबली.

“किती उड्या?”

“माहीत नाही. आकडा पुढे जात नव्हता.”

तिनं सुरी खाली ठेवली. मग चिडून म्हणाली, “मग काय करायला हवं होतं आईनं? मला घरीच ठेवायला हवं होतं? त्या जीपमधून नको म्हणायचं?”

“तसं नाही गं.”

“मला हे आधी का नाही सांगितलं?”

“तू चार वर्षांची होतीस.”

“आता सेहेचाळीस आहे, बाबा!”

चारुतानं फोन वर केला. “आजोबा, तो जिवंत आहे का ते सर्च करू? नाव सांगा. दोन सेकंद लागतील.”

“नको,” नीलकंठ इतक्या मोठ्यानं म्हणाला की दोघी दचकल्या. त्याचं त्यालाही नवल वाटलं. “लिहून होईपर्यंत नको. गेला असेल तर मी लिहिणार नाही. आणि मला सुटल्यासारखं वाटेल.”

“हेन्ना हितो,” चारुता म्हणाली, विचित्रच माणूस, पण फोन पालथा ठेवला. विभा पुन्हा कांदा चिरायला लागली. थोड्या वेळानं, वर न बघता, ती म्हणाली, “त्यांची शाळा झाडाखाली सुरू झालेली?”

“असं ते म्हणायचे. झाड मी पाहिलं होतं. तिथे सायकली लावायचे.”

जेवण झाल्यावर तो कागद घेऊन बसला. वरती ‘प्रिय टायटस’ लिहिलं, आणि सवयीनं वाक्य शोधायला लागला, एकच, गोळीबंद. नेहमीसारखी दोन लिहिली, दोन खोडली. मग केवळ हात चालू ठेवायचा म्हणून त्यानं लिहिलं: ‘त्या संध्याकाळी तुम्ही लुंगीवर होता आणि जीपमध्ये पुढे बसला होता.’ पेन्सिल खोडायला खाली गेली आणि थांबली. यात खोडण्यासारखं काही नव्हतं. विशेषण नव्हतं, मत नव्हतं. ते उदाहरण होतं. त्यानं खाली लिहिलं: ‘हेडमास्तर इडोवूंची मोटारसायकल वाटेत बंद पडली होती. ते तुम्हाला कोणी सांगितलं नाही आणि तुम्ही विचारलं नाहीत.’ हेही राहिलं. मग ते येत गेलं. चौकातला पहिला नळ, ज्याखाली बायकांनी पहिल्या दिवशी हंडे न लावता नुसते हात धरले होते. अडकलेला आकडा. भिंतीकडे तोंड करून उभं राहणं. हजेरीपटावरचं ‘उशिरा’. कडुलिंबांना पाणी घालणाऱ्या कैद्यांच्या पायातल्या साखळ्या, ज्यांच्याबद्दल तेव्हा त्याच्या मनात काहीच आलं नव्हतं. लंडनच्या त्या विद्यार्थ्यानं कधीतरी कळवलं होतं की झाडं अजून आहेत, तेही त्यानं घातलं. चार पानं झाली. त्याला पहिल्याप्रथम भीती वाटली ती ही, की आपण एका माणसाला वर्षभर चुकीचं शिकवलं. मग वाटलं, चुकीचं नाही, परीक्षेपुरतं बरोबर. शेवटी त्यानं लिहिलं: ‘मला तुमचा सारांश करता येत नाही. मी प्रयत्न केला. माझ्याकडे फक्त उदाहरणं आहेत, आणि ती सगळी खरी आहेत. यांतलं एकही मला गाळता आलं नाही. माझी मुलगी आता सेहेचाळीस वर्षांची आहे. तुमचं भांडं पाठवतो आहे.’ वाढवून मार्क दिलेले नाहीत ना, म्हणून त्यानं पुन्हा वाचलं. कमी केलेले नाहीत ना, म्हणूनही एकदा.

भांड्यात काय घालायचं हा प्रश्न उरला. लाडू पोहोचेपर्यंत टिकणार नव्हते. शनिवारी सकाळी तो फिरायला गेला आणि कोपऱ्यावरच्या कोनबिनीतून, त्या चोवीस तास उघड्या दुकानातून, येताना कोटाच्या खिशात कॉफीबरोबर मिळणाऱ्या साखरेच्या बारीक नळ्या घेऊन आला. एका कॉफीमागे दोन. बुधवारपासून त्याची हीच कॉफी चालली होती. विभानं टेबलावरचा ढीग पाहिला.

“बाबा! ढापलेली साखर?”

“चार चमचे लागतात त्याला.”

“आणि डायबेटिस असला तर?”

“एस्थर काढून घेईल,” नीलकंठ म्हणाला. विभा हसली, मग उठून आत गेली आणि जुन्या कॉटनच्या साडीचा एक तुकडा घेऊन आली. सुप्रभाची साडी होती, भांडी पुसायला फाडलेली. तिनं साखर त्यात बांधली, भांड्यात ठेवली, झाकण लावून वरून चिकटपट्टी गुंडाळली. उडालेल्या टवक्यावर तिचा अंगठा एकदा फिरला.

पोस्टात चारुता बरोबर आली, भाषेसाठी. काउंटरवरच्या मुलीनं पार्सल वजनाला ठेवलं आणि आत काय आहे ते विचारलं. भांडं, वापरलेलं. साखर. पत्र. फुटण्यासारखं आहे का? नाही, नीलकंठ म्हणाला. थोडं आधीच फुटलंय, असंही तो म्हणाला, ते चारुतानं भाषांतरात घेतलं नाही. देशाचं नाव त्यानं कागदावर स्वतःच्या हातानं, रोमन अक्षरांत, पूर्ण लिहिलं. किती वर्षांनी लिहितोय, त्याच्या मनात आलं. मुलीनं नकाशा नसलेल्या माणसासारखं ते नाव एकदा वाचलं, यादीत बोट फिरवून शोधलं, सापडल्यावर मान डोलावली. मग तिनं आणखी काही विचारलं, जरा हळू.

“आजोबा, ती विचारतेय,” चारुता म्हणाली, “घेणारं कोणी भेटलं नाही तर परत पाठवायचं, की तिकडेच सोडून द्यायचं? यांतलं एक निवडावं लागतं.”

नीलकंठनं काउंटरच्या कडेला दोन्ही हात ठेवले. मागे दोन माणसं उभी होती, आणि आपल्यामुळे कोणी थांबलंय हे एरवी त्याला सहन होत नसे. कोंबड्यांचं एक आवार त्याच्या डोळ्यांपुढे आलं, एक पत्र्याचं फाटक, आणि ते उघडायला येणारं कोणी, किंवा न येणारं. परत आलं तर काय होईल ते त्याला माहीत होतं. ते पुन्हा कपाटावर बसेल, आणि आपण म्हणू की आपण पाठवलं तर होतं.

“परत नको,” तो म्हणाला.

“शुअर?”

“ते त्यांचंच आहे. तिकडेच राहू दे.”

चारुतानं सांगितलं. मुलीनं चौकटीत खूण केली, शिक्का मारला, पार्सल दोन्ही हातांनी उचलून मागच्या गाडीवर ठेवलं, पावती पुढे केली आणि कमरेत वाकून, थांबवून ठेवल्याबद्दल माफी मागितली. नीलकंठही वाकला. आपल्या पत्रात पहिलं वाक्य हेच असायला हवं होतं, हे त्याला वाकलेल्या अवस्थेत सुचलं. पण तोवर गाडी आत ढकलली गेली होती.